बोकोबा, कुठे आहेस?

१

काकूंच्या स्वयंपाकघरात खिडकीपाशी तीन पायांचं एक उंच लाकडी स्टूल होतं. त्यावर बसून कधी कोणी भाजी निवडली नाही, की त्यावर चढून वरच्या फळीवरचा डबा काढला नाही. ते स्टूल काकांना उतरवण्यासाठी होतं.

आता 'उतरवणं' म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. काका नट होते. सिनेमातले, आणि तेही एका विशिष्ट जातकुळीचे. जी माणसं खरोखर होऊन गेली, अशांच्याच भूमिका त्यांच्याकडे येत. राज्य गमावलेला राजा, साथीच्या दिवसांत गाव न सोडलेला डॉक्टर, एका खटल्यापायी खुर्ची सोडणारा न्यायाधीश, सगळ्या डोंगरांची उंची मोजत हिंडलेला मोजणीदार. एकतीस वर्षांत तेवीस माणसं. त्या माणसांची नातवंडं थिएटरातून डोळे पुसत बाहेर पडत आणि काकांच्या पाया पडायला धावत. काका कसनुसं हसत आणि पाय मागे घेत.

लोकांना कौतुक होतं, पण घरच्या बाईचे हाल कोण बघतो? काका भूमिका घरी घेऊन येत. जेवायला राजा बसलाय आणि त्याला सांगायचंय की आज गॅस संपलाय, तर सांगायचं कसं? मोजणीदार असताना तर त्यांनी काकूंची उंची दारामागे उभं करून चारदा मोजली आणि दर वेळी चेहरा पाडला, जणू काकूंनी मुद्दाम हिशेब चुकवला होता.

उतरवण्याची सुरुवात डॉक्टरपासून झाली. शूटिंग संपून नऊ दिवस झाले तरी काका कोपरापर्यंत हात धूतच होते. नवव्या दिवशी काकूंचं डोकं फिरलं. त्यांनी नवऱ्याला दंडाला धरून स्टुलावर बसवलं, गरम पाण्यात पिळलेला टॉवेल चेहऱ्यावर टाकला आणि सासूबाई मारायच्या तशी हाक मारली, "बोकोबा, कुठे आहेस रे?" लहानपणी दुधावरची साय चोरून खायचे म्हणून आईने ठेवलेलं नाव ते. टॉवेलाखाली बराच वेळ काही नाही. मग ओशाळा आवाज आला, "आलो, आलो. साय ठेवलीस का?"

तेव्हा दोघं पोट धरधरून हसली. पुढे प्रत्येक सिनेमानंतर तेच करायचं ठरलं, आणि हळूहळू हसणं कमी होत गेलं. नियम एकच होता. उत्तर येईपर्यंत टॉवेल उचलायचा नाही. राजाच्या वेळी सव्वा तास लागला होता, पाणी दोनदा गरम करावं लागलं होतं. काका ठेंगणे, त्यामुळे पाय जमिनीला पोचत नसत. टाचा स्टुलाच्या आडव्या दांडीवर टेकवून ते बसत, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखे. एरवी काकू त्यांना अहो-जाहो करत. त्या स्टुलावर मात्र 'अरे' म्हणत.

काकांना जाऊन तीन वर्षं झाली होती. स्टूल जागच्या जागी होतं.

२

काकांची शेवटची भूमिका एका खगोलशास्त्रज्ञाची होती. आकाश बघून बघून त्या माणसाचे डोळे गेले होते, आणि म्हातारपणी तो हाताची उलटी बाजू भिंतीवरून सरकवत घरात चालायचा. काकांनी ते इतकं अचूक उचललं की पॅसेजच्या भिंतीवर कमरेच्या उंचीला नखांची बारीक रेघ उठली.

शूटिंग संपलं त्या दिवशी दोघांचं भांडण झालं. कशावरून, ते काकूंना आता नीट आठवतही नव्हतं. आपण काय म्हणालो ते मात्र शब्दन् शब्द आठवत होतं. "या वेळी तुमचं तुम्ही उतरवा. तेवीस नवरे झाले माझे. मला एक हवा होता."

चार दिवस काका भिंतीला हात लावून घरात फिरले. काकू समोर आल्या की थांबायचे आणि फार अदबीने विचारायचे, "बाई, आपण कोण?" काकूंना वाटलं, नाटक करतायत, आपला राग जिरवतायत. चांगलं आठ दिवस राहू दे, म्हटलं. पाचव्या दिवशी सकाळी ते उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय.

घरभर माणसं जमली, रडली. काकू कोरड्या डोळ्यांनी पायाशी बसून होत्या. त्यांच्या मनात एकच गोष्ट घोळत होती आणि ती कोणाला सांगण्यासारखी नव्हती. आपण निरोप देतोय तो त्या आंधळ्या म्हाताऱ्याला. मग माझा माणूस कुठे राहिला?

काकू काही खुळ्या नव्हत्या. बाई मोठी हिशेबी डोक्याची. पण तीन वर्षं झाली तरी रोज सकाळी दूध तापलं की त्या साय काढून वाटीत ठेवत, आणि संध्याकाळी टाकून देत. आणि दुपारी कधी एकट्या असल्या की रिकाम्या स्टुलाकडे बघून हळूच हाक मारत. त्यांना फार काही नको होतं. काका परत यावेत असं मागण्याइतक्या त्या वेड्या नव्हत्या. त्यांना एकदा, फक्त एकदा, उत्तर ऐकायचं होतं.

३

मग दिग्दर्शकाचा फोन आला. काकांवर सिनेमा निघणार होता. जन्मभर दुसऱ्यांची सोंगं घेतली, आता ह्यांचं सोंग कोणी तरी घेणार म्हणायचं! काकूंना हसू आलं.

नवा नट रोज दुपारी चार वाजता यायचा. चांगला ताडमाड उंच होता. "घरी मला लंबू म्हणतात," त्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "बायकोसुद्धा. पण उंचीचं कॅमेरा सांभाळेल. बाकीचं तुम्ही सांभाळा, काकू."

तो अगदी योग्य बाईकडे आला होता. काकूंनी तरुणपणी तेरा वर्षं सिनेमात कंटिन्युइटी सांभाळली होती. म्हणजे एक शॉट संपला की नटाची कोणती बाही दुमडलेली होती, ग्लासात पाणी किती होतं, केसाची बट कोणत्या डोळ्यावर होती, ते सगळं वहीत लिहायचं. पुढचा शॉट आठवड्याने झाला तरी बट त्याच डोळ्यावर हवी. काकांशी ओळखही तशीच झाली. "तुमचं तिसरं बटण मघाशी उघडं होतं," हे काकूंनी त्यांच्याशी बोललेलं पहिलं वाक्य.

सवयीप्रमाणे त्यांनी नवी वही केली. लंबूला जे जे सांगितलं ते क्रमांक घालून लिहायचं. एक, चहा बशीत ओतून घेत नसत, पण कप बशीवर दोनदा ठोकत. दोन, खोटं बोलताना कान लाल होई. राजा कसा बसायचा, न्यायाधीश कसा खोकायचा, सगळं त्यांनी करून दाखवलं. लंबू हुशार होता. टीपकागदासारखं सगळं उचलायचा.

चौथ्या दिवशी त्याने विचारलं, "काकू, आणि काका कोणीच नसताना कसे होते?"

"म्हणजे?"

"म्हणजे राजा नाही, डॉक्टर नाही. नुसते काका. खुर्चीत कसे बसायचे?"

वीस वर्षांपूर्वीच्या राजाच्या अंगरख्याची कोणती नाडी सुटलेली होती ते त्यांना सांगता आलं असतं. नवरा खुर्चीत कसा बसायचा, ते येईना. जी बाई परक्या माणसांची बटणं मोजत बसली, तिने स्वतःच्या माणसाकडे कधी बघितलंच नव्हतं की काय? त्या उठून आत गेल्या आणि नळ सोडून बराच वेळ उभ्या राहिल्या.

बाहेर आल्या तेव्हा त्यांनी लंबूला स्टुलाबद्दल सांगितलं. टॉवेल, बोकोबा हे नाव, हाक, सगळं. उत्तर मात्र सांगितलं नाही. साय हा शब्द त्यांनी तोंडातून काढला नाही. तेवढं एक आपल्याजवळ राहू दे, असं त्यांना वाटलं.

४

पहिल्यांदा खटकलं ते चष्म्याचं. लंबूने बोलता बोलता चष्मा काढला आणि खिडकीच्या कडीला अडकवला. काका तिथेच अडकवत. काकूंनी रात्रीपर्यंत वाट न बघता तो गेल्या गेल्या वही उघडली. एकशे साठ नोंदी झाल्या होत्या, त्यांत चष्मा नव्हता.

बरं, असेल. कडी हाताशी आहे, माणूस अडकवणारच. आपण अडकवत नाही म्हणून दुसऱ्याने अडकवू नये असं थोडंच आहे?

मग कपाटाचं दार. ते दार घट्ट बसतं, किंचित वर उचलून ओढावं लागतं. लंबूने पहिल्याच खेपेला उचलून ओढलं. त्यालाही काकूंनी कारण शोधलं. घट्ट दार सगळेच उचलतात.

पण एका दुपारी मोजणीदाराबद्दल सांगताना काकूंना ठसका लागला. लंबू पटकन म्हणाला, "आधी पाणी पी गं, मग सांग."

लंबूचे कान लाल झाले. "सॉरी, काकू. तोंडातून कसं गेलं कोण जाणे."

"असू दे," काकू म्हणाल्या. हे त्यांनी वहीत लिहिलं नाही. खरं सांगायचं तर त्याच दिवशी त्यांनी थांबायला हवं होतं. कळत होतं, पण वळत नव्हतं. उलट दुसऱ्या दिवसापासून त्या केस नीट विंचरून दाराकडे तोंड करून बसू लागल्या. सिनेमाला ज्यांचा काडीचा उपयोग नाही अशा गोष्टीही सांगू लागल्या. लग्नानंतरच्या पहिल्या घरातली गळकी मोरी, तापात काका काय बरळायचे, कोणत्या कुशीवर झोपायचे. लंबू ऐकायचा. आताशा तो टिपणं काढत नसे.

नोंद क्रमांक दोनशे चौदा लिहिली त्या दिवशी दोघं समोरासमोर बसली होती. पॅसेजमधून आवाज आला. भिंतीवरून काही तरी सरकत होतं, कोरडं, हळूहळू, मध्येच थांबत. काकूंनी तो आवाज चार दिवस ऐकलेला होता. त्या चार दिवसांचा विसर कसा पडेल?

त्यांनी लंबूकडे बघितलं. त्याचे दोन्ही हात मांडीवर होते.

"काकू," तोही पॅसेजकडे मान वळवून म्हणाला, "घरात आणखी कोणी आहे का?"

"पाइप असेल," काकू म्हणाल्या. "जुनं घर आहे."

लंबू गेल्यावर त्या पॅसेजमध्ये जाऊन उभ्या राहिल्या. दुपारच्या उन्हाचा एक पट्टा जमिनीवर पडला होता. भिंतीवरची रेघ होती तेवढीच होती. भीती वाटली का? वाटली. पण भीतीच्या खाली दुसरंच काही तरी होतं, आणि ते जास्त वाईट होतं. कोणी तरी दार शोधतंय, असं त्यांना वाटलं, आणि आपण त्याला दार दाखवत नाही.

५

सिनेमाचा शेवट दिग्दर्शकाने उतरवण्यावरच केला होता. स्टुडिओत काकूंचं स्वयंपाकघर जसंच्या तसं उभं केलं होतं, आणि स्टूल तर खरंच काकूंकडून नेलं होतं. काकूंनी बघितलं, लंबू त्यावर बसला की त्याची दोन्ही पावलं जमिनीवर सपाट टेकत होती.

"काकांचे पाय पोचायचे नाहीत," त्या दिग्दर्शकाला म्हणाल्या. जुनी खोड.

"पाय दाखवतच नाही, ताई," तो म्हणाला.

काकूंची भूमिका करणारी नटी गुणी होती. तिने टॉवेल पिळला, चेहऱ्यावर टाकला, हाक मारली. "बोकोबा, कुठे आहेस रे?"

लंबूने 'आलो' म्हणायचं होतं. तो गप्प बसला. दिग्दर्शकाने कट म्हटलं. पुन्हा हाक. पुन्हा काही नाही. सहा टेक झाले. नटी रडकुंडीला आली. अकराव्या टेकला दिग्दर्शक ओरडला, "अरे बाबा, एक शब्द आहे! विसरतोस काय?"

"विसरलो नाही," टॉवेलाखालून आवाज आला. "पण हाक कुठे आली अजून?"

लाइटवाले एकमेकांकडे बघून हसले. दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला. "ताई, तुम्हीच मारा हाक. कॅमेऱ्याच्या बाजूला उभ्या राहा. आवाज नंतर बदलता येईल. नाही तर उद्या सकाळपर्यंत इथेच बसू आपण."

काकू उभ्या राहिल्या. हा खोटा ओटा, ही खोटी खिडकी, खिडकीबाहेर रंगवलेलं आकाश, आणि स्टुलावर परक्या बाईचा नवरा. सगळं खोटं आहे, त्यांनी स्वतःला बजावलं, मी फक्त एक संवाद म्हणतेय.

"बोकोबा," त्या म्हणाल्या, "कुठे आहेस रे?"

"आलो, आलो. साय ठेवलीस का?"

नटीने ठरल्याप्रमाणे टॉवेल उचलला. टाळ्या पडल्या. "हे लिहिलेलं नव्हतं, पण झकास!" दिग्दर्शक खूश झाला. काकू गर्दीतून वाट काढत लंबूपाशी पोचल्या. त्याचा चेहरा वाफेने लाल झाला होता.

"तुला कोणी सांगितलं?"

"काय, काकू?"

"सायीचं."

"मी फक्त 'आलो' म्हणालो," तो म्हणाला. त्याचे कान लाल नव्हते.

घरी येऊन काकूंनी दोनशे चौदा नोंदी तीनदा वाचल्या. साय नव्हती.

६

शूटिंग संपल्यावर बाराव्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात लंबू, त्याच्याबरोबर एक बारीकशी मुलगी आणि तिच्या खांद्यावर झोपलेलं आठ महिन्यांचं बाळ. लंबू आत आला, चपला काढून उजव्या पायाने भिंतीकडे सारल्या आणि खिडकीतल्या खुर्चीत बसला. एक पाय दुमडून मांडीखाली, डावा हात खुर्चीच्या पाठीवर टाकलेला, मान जरा वाकडी.

काकूंनी बघितलं आणि त्यांना सगळं आठवलं. अशी. अशी बसायची सवय होती. देवा, किती साधी गोष्ट.

"काकू, मी ह्याची बायको," मुलगी म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. "तुम्ही काही तरी करा. शूटिंग संपल्यापासून हा असाच आहे. मला 'पोरी' म्हणतो. बाळ रडलं तर माझ्याकडे बघतो, म्हणतो, कोणाचं गं हे? आणि रोज चार वाजले की चपला घालून दारात उभा राहतो. कुठे जायचंय विचारलं तर म्हणतो, घरी."

काकूंना आधी आनंद झाला. लाज नंतर वाटली, पण आनंद आधी झाला, आणि तो इतका मोठा होता की त्यांना दाराची चौकट धरावी लागली.

"ह्याने मला तुमच्या स्टुलाचं सगळं सांगितलं होतं," मुलगी पुढे म्हणाली. "मीही करून बघितलं. टॉवेल टाकला, हाक मारली. नाही देत उत्तर. माझंच काही चुकत असेल. तुम्हाला येतं ना, काकू? ह्याला परत आणा. मला दुसरं काही नको."

'मला एक हवा होता.' काकूंना स्वतःचेच शब्द ऐकू आल्यासारखं झालं. त्यांनी त्या मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि तो हात फिरवताना त्या अगदी मनापासून बोलल्या. "आणते हं. रडू नकोस. तू कोणत्या नावाने हाक मारतेस त्याला?"

"लंबू."

"बाळाला घेऊन इथेच बस. मध्येच आत येऊ नकोस."

७

स्टूल परत आलेलं होतं. लंबू मुकाट्याने त्यावर बसला. पावलं जमिनीवर सपाट. काकूंनी पाणी तापवलं, टॉवेल पिळला आणि त्याच्या चेहऱ्यावर पसरला. टॉवेल श्वासाबरोबर आत-बाहेर होऊ लागला.

"लंबू, कुठे आहेस रे?"

काही नाही. काकू थांबल्या. ओट्यावर नळाचं पाणी ठिबकत होतं.

"लंबू, कुठे आहेस रे? तुझी बायको आलीय. बाळ आलंय."

पॅसेजमध्ये भिंतीवरून हात सरकायला लागला. कमरेच्या उंचीवरून, थांबत, चाचपडत. दारापाशी आला आणि चौकटीला लागून थांबला. काकूंनी मागे वळून बघितलं नाही. त्यांच्या पाठीला गार वारं लागल्यासारखं झालं आणि गेलं. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि तिसऱ्यांदा, प्रामाणिकपणे, जोर लावून हाक मारली.

"लंबू!"

"कोणाला हाका मारतेयस?" टॉवेलाखालून आवाज आला. "आपल्या घरात लंबू कोण?"

काकूंनी ओट्याची कड धरली.

"कुठे होतास रे?"

"इथेच की. पॅसेजमध्ये. भिंत धरून येत होतो. दारच सापडेना."

"मी हाका मारत होते. तीन वर्षं."

"ऐकू यायच्या," आवाज म्हणाला. "उत्तर द्यायला तोंड नव्हतं गं."

काकू रडल्या. तीन वर्षांचं रडणं होतं, पण बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी पदर तोंडात कोंबला. "चुकलं माझं," त्या पदराआडून म्हणाल्या. "तसं बोलायला नको होतं मी. एवढंच सांगायचं होतं."

"बरं, झालं," आवाज म्हणाला. अगदी तसाच, भांडण मिटवताना असायचा तसा, जरा कंटाळलेला, जरा हसरा. "साय ठेवलीस का?"

मागायचं होतं ते मिळालं होतं. एकदा, फक्त एकदा, असं त्या म्हणाल्या होत्या. आता 'जा' म्हणायचं, पुन्हा लंबूला हाक मारायची, आणि तो आल्यावर टॉवेल उचलायचा. काकूंना हे सगळं स्पष्ट कळत होतं. त्यांनी डोळे पुसले आणि सवयीने शॉट वरपासून खालपर्यंत तपासावा तसं स्टुलाकडे बघितलं.

पावलं जमिनीला टेकत नव्हती. टाचा आडव्या दांडीवर होत्या.

"काकू," बाहेरून मुलीचा आवाज आला, "झालं का? आला का तो?"

काकूंनी 'जा' म्हणायला तोंड उघडलं. शब्द जिभेवर होता.

"अजून थोडा वेळ लागेल गं, पोरी," त्या म्हणाल्या. "पाणी गार झालंय. पुन्हा ठेवते."

पाणी गार झालं नव्हतं. त्यांनी फ्रिजमधून सायीची वाटी काढली आणि ओट्यावर ठेवली.

बाहेर बाळ जागं झालं आणि रडायला लागलं. मुलगी त्याला थोपटत होती, आणि मध्येच तिला राहवलं नसावं, ती स्वयंपाकघराच्या दिशेने ओरडली, "लंबू! ऐकतोयस ना? आम्ही इथे आहोत!"

पॅसेजमध्ये हात सरकायला लागला. या वेळी आवाज कमरेच्या उंचीवरून येत नव्हता. बराच वरून येत होता, उंच माणसाच्या खांद्याजवळून, आणि घाईघाईने. बाळाच्या रडण्याकडे दोन पावलं गेला, मग चुकला, परत फिरला, भिंतीवर आडवातिडवा चाचपडत राहिला. आंधळ्याला घर नवीन असावं तसा.

आतून एक हाक मारली असती तर त्याला दार सापडलं असतं. कोणत्या नावाने, तेही काकूंना ठाऊक होतं.

हात चौकटीपर्यंत आला. काकूंनी पायाने दार लोटून बंद केलं, कडी घातली, आणि टॉवेल उचलला.